फुकटच्या खुर्चीचे भाडे



आज मी आपल्याशी विमानाविषयी चार शब्द बोलणार आहे. विषय ऐकून कोणी म्हणेल, "गुरुजी, इथं एस.टी.ची वाट बघून पाय दुखतात, आणि तुम्ही विमान कुठून काढलंत?" शंका रास्त आहे. पण आपल्या गावातल्या किती घरांतली मुले आज पुण्यामुंबईच्याही पलीकडे, दुबईला, लंडनला, अमेरिकेला गेली आहेत ते जरा मोजून पाहा. मुलीचे बाळंतपण निघते, नातवाची मुंज ठरते, आणि जिने जिल्ह्याचे ठिकाणही धड पाहिलेले नाही अशी आई एक दिवस विमानात बसते. शिवाय माझी गोष्ट नुसती विमानाची नाही, ती 'फुकट' या शब्दाची आहे. तो शब्द तर बाजारात, मोबाइलवर आणि दारावर येणाऱ्या विक्रेत्याच्या तोंडीही रोज भेटतो.

२०२५ साली मुलीच्या बाळंतपणासाठी आम्ही नवराबायको लंडनला गेलो. जाताना नऊ-दहा तास अरुंद खुर्चीत बसून हिचे गुडघे असे आखडले, की उतरल्यावर चाकाची खुर्ची मागवावी लागली. मुलीने ते पाहिले आणि मनात धरून ठेवले. ऑक्टोबरात, दिवाळीच्या आधी, आम्ही परत निघायचे ठरले तेव्हा ती म्हणाली, "अण्णा, आईला या वेळी पाय पसरून झोपवून न्यायचं. माझ्याकडे पॉइंट साठलेत. तुम्हां दोघांना वरच्या वर्गात बसवते. एक पैसा पडायचा नाही."

ज्यांना हे पॉइंट प्रकरण ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. चहाच्या पुड्यातली कुपने साठवून डबा किंवा बरणी मिळवणे आपल्यापैकी पुष्कळांना आठवत असेल. त्यातलाच हा प्रकार. अमेरिकन एअरलाइन्स या कंपनीने १ मे १९८१ रोजी अशी मोठी योजना काढली, आणि त्याच महिन्यात युनायटेड कंपनीनेही काढली. गिऱ्हाईक आपल्याच विमानात पुन्हा यावे हा हेतू. जितका प्रवास, तितके मैल खात्यावर जमा. पुढे बँकांची कार्डे त्यात आली, आणि किराणा घेतला तरी पॉइंट मिळू लागले. त्या पॉइंटांवर तिकीट घेता येते, किंवा खालच्या वर्गाचे तिकीट वरच्या वर्गाचे करून घेता येते. त्याला 'अपग्रेड' म्हणतात.

तर एका रात्री बाळ निजल्यावर मुलीने संगणक उघडला. आमची नावे घातली, खुर्च्या निवडल्या. इतके पॉइंट वजा होतील असे आले, तिने ते मान्य केले. मग शेवटच्या पानावर एक ओळ उमटली: भरावयाची रक्कम. दोघांचे मिळून, तेव्हाच्या पौंडाच्या भावाने, साठ हजार रुपयांच्या घरात! म्हणजे माझे जवळजवळ दोन महिन्यांचे पेन्शन.

पोर गप्प झाली. बाळंतपणाच्या रजेवर होती, पगार निम्म्यावर आलेला. तरी म्हणाली, "असू दे अण्णा, मी भरते." पण तिचे डोळे भरले होते. आईला सुखाने न्यायचे म्हणून चार वर्षे जपून ठेवलेली भेट तिच्याच हातात जड झाली होती. मी म्हटले, "अगं, थांब. आधी हिशेब तर पाहू." सारा जन्म मास्तरकीत गेला, आकडा दिसला की पेन्सिल उचलायची खोड आहे.

हिशेब फोडून पाहिला तेव्हा त्यात दोन निरनिराळ्या गोष्टी निघाल्या, आणि त्या एकाच रकान्यात, 'कर व आकार' या नावाखाली, मांडलेल्या होत्या.

पहिली गोष्ट सरकारी कराची. ब्रिटनमध्ये १९९४ पासून विमानप्रवाशांवर एक कर आहे. तो ब्रिटनमधून निघणाऱ्यावर बसतो, ब्रिटनमध्ये येणाऱ्यावर नाही. त्याचे दर अंतरावर आणि वर्गावर ठरतात. एप्रिल २०२५ ते मार्च २०२६ या वर्षी भारताइतक्या अंतरासाठी सर्वांत खालच्या वर्गाला माणशी ९० पौंड, आणि त्याच्या वरच्या वर्गांना २१६ पौंड असा दर होता. फरक १२६ पौंडांचा, म्हणजे चौदा हजार रुपयांच्याही पुढे. पॉइंट हे कंपनीचे नाणे. सरकारच्या तिजोरीत ते चालत नाही. आपण वरच्या वर्गात बसलो की सरकार वरच्या वर्गाचा कर मागणार, मग ती खुर्ची पैशाने घेतलेली असो की पॉइंटांनी. यात लबाडी काही नाही.

आपल्याकडेही असाच भेद आहे बरे का. विमानाच्या साध्या वर्गाच्या तिकिटावर जी.एस.टी. ५ टक्के आहे. वरच्या वर्गावर तो १२ टक्के होता, आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्के झाला.

दुसरी गोष्ट मात्र नीट ऐका. कराच्या त्याच रकान्यात कंपनीचा स्वतःचा एक आकार होता, आणि आमच्या बाबतीत तो कराच्या फरकाइतकाच होता. याला लोक इंधन अधिभार म्हणतात. तेलाचे भाव चढले म्हणून तो सुरू झाला, पण भाव उतरले म्हणून तो नेहमी उतरतोच असे नाही. हा पैसा सरकारकडे जात नाही, कंपनीच्याच गल्ल्यात जातो. म्हणजे भाड्याचाच तुकडा काढून कराच्या पंगतीत बसवलेला! भाडे पॉइंटांनी फिटते, पण हा तुकडा फिटत नाही. तिकिटावर प्रत्येक कराला दोन अक्षरांची खूण असते. तिथे 'वायक्यू' किंवा 'वायआर' दिसले की समजावे, हा कर नव्हे. याच आकारावरून ब्रिटिश एअरवेजवर तिच्या सभासदांनी २०१२ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयात दावा लावला होता. या आकाराचा इंधनाच्या खर्चाशी मेळ नाही, असे त्यांचे म्हणणे होते. २०१८ मध्ये तो दावा तडजोडीने मिटला.

याखेरीज आणखी दोन खाचखळगे आहेत. आम्ही त्यांत पडलो नाही, पण पुष्कळ जण पडतात. एक म्हणजे साधा वर्ग हा एकच वर्ग नसतो. खुर्ची तीच, जेवण तेच, पण तिकिटाच्या पोटात सात-आठ भाव असतात आणि प्रत्येकाला एक अक्षर असते. सर्वांत स्वस्त भावाच्या तिकिटाला काही कंपन्या अपग्रेड देतच नाहीत. काही देतात, पण पॉइंटांवर आणखी रोकड मागतात. म्हणजे 'फुकट' वर जाण्यासाठी मुळातच महाग तिकीट घ्यायचे! चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला, तो हाच. दुसरा खळगा कार्डाचा. रक्कम परदेशी चलनात असली की आपली बँक तिच्यावर साधारण दोन ते साडेतीन टक्के आकार लावते, आणि त्या आकारावर पुन्हा जी.एस.टी. बसतो. हे विमान कंपनीच्या पानावर कुठेच दिसत नाही. महिनाअखेर बँकेच्या हिशेबात दिसते.

आता कोणी विचारील, मग चूक कोणाची? कर घेणाऱ्या सरकारची नाही. पॉइंट साठवणाऱ्या मुलीचीही नाही. दोष आहे तो शेवटच्या पानाचा. पहिल्या पानावर 'पॉइंटांनी वर जा' आणि पैशाची गोष्ट शेवटी! तोवर माणसाने खुर्ची निवडलेली असते, आईला सांगून झालेले असते. मागे फिरायला मन धजत नाही. बैलबाजारात सौदा ठरल्यावर, कासरा हाती देताना "दावणीचे वेगळे पडतील हं" म्हणणारा दलाल आपल्याला ठाऊक आहे. तोच हा. थेंबाथेंबाने किंमत वाढवण्याच्या या रीतीला आपल्या सरकारनेही फसवी रीत ठरवले आहे. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी अशा १३ फसव्या रीतींची यादी काढली, तिच्यात ही आहे.

आम्ही काय केले? दोन खुर्च्यांऐवजी एकच घेतली. हिला पुढे बसवले, मी मागे बसलो. खर्च निम्म्यावर आला, तो मी माझ्या पेन्शनमधून दिला आणि मुलीला सांगितले, "तुझे पॉइंट आईच्या गुडघ्यांना लागले, माझे पैसे सरकारला आणि कंपनीला लागले. भेट तुझीच." तेव्हा कुठे ती हसली. आणि गंमत ऐका: मध्यरात्री हवाई सुंदरीचा हात धरून ही मागे आली. का, तर "अहो, तुम्ही जेवलात की नाही?" हे विचारायला! चाळीस वर्षांत असे कधी झाले नव्हते की दोघे एका गाडीत आणि जेवण वेगवेगळे.

एक गोष्ट मात्र मला मुंबईला उतरल्यावर सुचली. तो ब्रिटनचा कर जाणाऱ्याला नसतो, परतणाऱ्याला असतो. पॉइंट जातानाच्या प्रवासाला वापरले असते, तर हिचे गुडघेही वाचले असते आणि तो १२६ पौंडांचा फरकही. पण हे आधी विचारायला हवे होते.

म्हणून माझे सांगणे एवढेच. मुलगा किंवा मुलगी म्हणाली की "पॉइंट आहेत, फुकट आहे," तर तिच्या प्रेमावर शंका घेऊ नका, पण चार प्रश्न विचारा. पॉइंट सोडून रोख किती? त्यातला सरकारचा कर किती आणि कंपनीचा आकार किती? या भावाच्या तिकिटाला अपग्रेड मिळते का? आणि जाणे रद्द झाले तर पॉइंट व पैसे परत येतात का, येताना कापून किती येतात? आपल्याकडच्या नियमाप्रमाणे प्रवास केला नाही, तर तिकिटातले सरकारी कर कंपनीने परत द्यायचे असतात. ते मागून घ्या. आणि तक्रार असेल तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक मदतीचा दूरध्वनी क्रमांक आहे, तो मराठीतही ऐकून घेतो.

शिक्षक मित्रांना एक विनंती. शेकडेवारी शिकवताना पुस्तकातला आंब्यांचा व्यापारी थोडा वेळ बाजूला ठेवा. मुलांना घरातले एखादे खरे बिल आणायला सांगा: विजेचे, मोबाइलचे, खताच्या दुकानातले. मालाची किंमत किती, कर किती आणि 'इतर' म्हणून किती, ते फळ्यावर मांडा. 'इतर' या शब्दाखाली काय दडले आहे ते पोरांना शोधू द्या. ज्या मुलाला हे साधले, तो पुढे विमानात बसो की बैलगाडीत, शेवटचे पान आधी वाचायला शिकेल.