आंबिया बहार आणि विहिरीचे पाणी



आंब्याला मोहोर येतो त्याच सुमारास मोसंबीलाही फूल येते, म्हणून या बहाराला आंबिया बहार म्हणतात. माघात पैठणहून पाचोडकडे निघाले की फुलांचा वास पार रस्त्यापर्यंत येतो.

हे फूल मात्र आपोआप येत नाही. मार्गशीर्षात पाणी तोडून आपण बागेला ताण देतो. हलक्या जमिनीत महिना-दीड महिना, भारी जमिनीत दोन महिन्यांपर्यंत. पाने पिवळी पडून चौथा हिस्सा गळली, की ताण बसला समजावे. याच दिवसांत सल काढावी, पानसोट छाटावेत, खोडाला दोन-तीन फुटांपर्यंत बोर्डो मलम लावावे, झाडामागे ४०-५० किलो शेणखत घालावे. मग पहिले अंबवणीचे पाणी हलके, दुसरे चिंबवणीचे त्याहून थोडे अधिक, आणि तिसऱ्यापासून भरपूर. तहानलेल्या झाडाला एकदम पाणी सोसत नाही.

फाल्गुनात दुपारी ऊन चटकते, पहाटे गारवा असतो. नाथषष्ठीची यात्रा भरते तेव्हा फळ वाटाण्या-बोराएवढे झालेले असते. शंभर फुलांतली थोडीच टिकतात. ही गळ निसर्गाचीच, तिला भिऊ नये. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाड्यात गारपिटीने उभ्या बागा झोडपल्या. गारेपुढे आपला इलाज चालत नाही. पाण्याच्या बाबतीत मात्र चालतो, आणि आज मला तेच सांगायचे आहे.

तुम्ही म्हणाल, पैठणला नाथसागर आहे, पाण्याची काय चिंता? जायकवाडीचे धरण १९७६ साली झाले हे खरे. पण कालव्याच्या वरच्या अंगाला ज्यांचे शिवार आहे, त्यांची भिस्त विहिरीवरच. २०१२-१३ च्या दुष्काळात पैठण, अंबड, घनसावंगी भागांत कितीतरी बागा वाळल्या आणि झाडे सरपणाला गेली. तेव्हा बहार धरण्याआधी हिशेब मांडावा.

हिशेब सोपा आहे. सहा-सहा मीटरवर लावलेल्या बागेत एकरी सुमारे ११० झाडे बसतात. मोठ्या झाडाला उन्हाळ्यात ठिबकनेसुद्धा रोज निदान १०० लिटर पाणी लागते. म्हणजे एकरी रोज ११,००० लिटर. एप्रिलपासून १५ जूनपर्यंतच्या ७६ दिवसांचे आठ लाख लिटरांच्या वर. आता विहिरीकडे या. सहा मीटर व्यासाच्या गोल विहिरीत एक मीटर पाणी म्हणजे सुमारे २८,००० लिटर. एका एकराला ते अडीच दिवसच पुरते! बाकी सारी मदार झऱ्यांवर. म्हणून पौषातच एकदा मोटर चालवून पाणी खाली न्यावे आणि चोवीस तासांत किती वर चढते ते दोरीने मोजावे. चैत्र-वैशाखात झरे याहून बारीक होणार, हेही ध्यानात ठेवावे.

पाणी कमी भरले, तर निम्म्याच बागेवर बहार धरावा. उरलेली झाडे मृगासाठी राखावीत. त्यांचा ताणच उन्हाळ्यात येतो. आळ्यात पाचटाचे किंवा वाळल्या गवताचे चार-पाच बोटे आच्छादन करावे. आणि बहार धरल्यावर चैत्रात विहिरीने दगा दिलाच, तर मन घट्ट करून फळे तोडून टाकावीत. गेलेला बहार पुढल्या साली परत येतो. वाळलेले झाड परत उभे करायला पाच-सहा वर्षे लागतात.

शिक्षक मित्रांनो, वर्तुळाचे क्षेत्रफळ शिकवताना मुलांना गावच्या विहिरीवर न्या. कठड्यापासून जपून, तुमच्या देखरेखीखाली दोरी सोडू द्या. मुलांनी वहीत मांडलेला तो आकडा घरी बापाने पाहिला, तर एखादी बाग त्यानेही वाचेल.