पडता यायला हवे

जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये टोकियोत ज्युदो सुरू केला. या खेळात दुसऱ्याला पाडण्याआधी स्वतः पडायला शिकवतात. हनुवटी छातीशी घ्यायची आणि तळहाताने मॅटवर थाप मारायची, डोके वाचते. माझी मुलगी दोन वर्षे हे गिरवते आहे. बाकावरचे आम्ही पालक मात्र पट्ट्याचा रंग मोजतो: पांढरा, पिवळा, नारिंगी. काळा पट्टा मिळाला की संपले, असे आपल्याला वाटते. पण त्यातल्या पहिल्या श्रेणीला जपानीत ‘शोदान’ म्हणतात, म्हणजे सुरुवातीची पायरी! परवा एका थोराड मुलाने तिला आपटले. मी धावणार, तोच थाप ऐकू आली. ती उठली, वाकून नमस्कार केला आणि पुन्हा उभी ठाकली. आयुष्यात मुले पडणारच. त्यांना पडून उठता येते ना, एवढे आपण पाहावे.