कळफलक आणि कामगार



वसंतातल्या या व्यासपीठावर वेदान्तापासून अर्थकारणापर्यंत थोर विषयांचा ऊहापोह होत असतो. त्या मानाने माझा विषय अगदीच घरगुती आहे. संगणकावर पोट भरणाऱ्या माणसाने कोणत्या सवयी लावून घ्याव्यात, एवढेच मला सांगायचे आहे. संगणकाचे शास्त्र सांगण्याचा अधिकार माझा नव्हे. माझे शालेय शिक्षण दहावीपर्यंतचे. पुढचे सारे छापखान्यात झाले. १९८८ साली मी जुळारी म्हणून कामाला लागलो, पुढे संगणकावर अक्षरजुळणी करू लागलो, आणि गेली वीसएक वर्षे अशाच कामगारांची संघटना बांधण्यात गेली. तेव्हा जे बोलेन ते कामगाराच्या बाजूने बोलेन, हे आधीच सांगून ठेवतो.

येथील तरुण मंडळींपैकी पुष्कळांनी शिशाचा खिळा पाहिलाही नसेल. इंग्रजीला सव्वीस अक्षरे; आमच्याकडे काना, मात्रा, रफार, रुकार, जोडाक्षरे मिळून शेकडो खिळे. ते लहान लहान घरांत मांडलेले असत. जुळाऱ्याची नजर हस्तलिखितावर आणि हात मात्र बिनचूक त्या त्या घरात. खिळ्यावर अक्षर उलटे असते, ते वाचण्याची डोळ्यांना सवय होई. ही विद्या बोटांत बसायला दोन-तीन वर्षे लागत. परंतु तिचा एक मोठा गुण होता. मी जेथे जेथे काम केले, तेथे घरांची मांडणी थोड्याफार फरकाने सारखीच होती. मालकाशी पटले नाही, तर जुळारी शनिवारी पगार घेई आणि सोमवारी दुसऱ्या छापखान्यात उभा राही. त्याचे कसब मालकाच्या भिंतीत चिणलेले नव्हते.

नव्वदच्या दशकात संगणक आला आणि नेमके हेच बदलले. मराठी अक्षरे पुरवणाऱ्या कंपन्या अनेक निघाल्या. प्रत्येकीचा टंक निराळा आणि पुष्कळदा कळफलकही निराळा. तेव्हाची युक्ती अशी की, इंग्रजी अक्षरांच्या जागांवर देवनागरीची चित्रे बसवायची. पडद्यावर आपल्याला मराठी दिसे. यंत्राच्या लेखी मात्र ते इंग्रजी अक्षरांचे कडबोळेच. तो टंक नसलेल्या संगणकावर फाइल उघडली, की सगळा मजकूर अगम्य. त्यात काही प्रणालींना संगणकाच्या पाठीमागे एक लहानशी कुलूपवजा डबी लावावी लागे. डबी हरवली की काम ठप्प.

याचा कामगारावर काय परिणाम झाला, तो पाहा. आमच्या संघटनेतील एक भगिनी एकाच ठिकाणी अकरा वर्षे अक्षरजुळणी करीत होती. हात असा वेगवान, की मूळ मजकूर वाचून देणारा मागे पडे. पगार मात्र वाढेना. दुसरीकडे परीक्षेला गेली, तर तेथला कळफलक वेगळा. तिची बोटे अडखळू लागली आणि तिला नवशिकीचा पगार सांगण्यात आला. ती मुकाट्याने जुन्या जागी परतली. मालकाला तिच्या पायात बेडी घालावी लागली नाही. ती बोटांतच होती.

आमच्या चळवळीने संगणकाला विरोध केला, असा आक्षेप नेहमी घेतला जातो. केला, हे खरे आहे. १९६०च्या दशकात कलकत्त्यात आयुर्विमा महामंडळाच्या कर्मचाऱ्यांनी संगणक येऊ नये म्हणून पहारे दिले. आज ते सांगताना लोक हसतात. मला हसू येत नाही. घरातली एकमेव मिळकत जाईल, ही भीती खुळचट नसते. पुढे १९८३ साली बँक कर्मचाऱ्यांच्या संघटनांनी यंत्रीकरणाबाबत बँकांशी करार केला, तेव्हा प्रश्न योग्य ठिकाणी येऊन ठेपला. यंत्र यावे की न यावे यापेक्षा ते कोणत्या अटींवर यावे, हा तो प्रश्न. आज बोललेला शब्द आपोआप पडद्यावर उमटतो, यंत्र पानेच्या पाने लिहूनही देते. तेथेही मी तोच प्रश्न विचारतो. (यंत्राने लिहिलेली मुद्रिते तपासायला डोळस माणूस लागतोच, हे जाता जाता सांगतो. त्याला मात्र कोणी नीट पैसे देत नाही.)

आता उपायाकडे वळू. १९९१ साली दोन गोष्टी झाल्या. भारतीय मानक ब्यूरोने आपल्या लिप्यांसाठी संकेतांचे आणि कळफलकाचे मानक ठरवले, आणि त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली. युनिकोडमध्ये प्रत्येक वर्णाला कायमचा क्रमांक असतो. ‘क’चा क्रमांक पुण्यातही तोच आणि टोकियोतही तोच. ब्यूरोच्या त्या कळफलकाला इनस्क्रिप्ट म्हणतात. तो सर्वसाधारण संगणकांत मुळातच असतो, फुकट असतो. आपल्या वर्णमालेचे शहाणपण त्यात उतरले आहे. स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, व्यंजने बहुतांशी उजव्या. ‘क’च्या कळीवर शिफ्ट दाबली की ‘ख’, ‘ग’वर ‘घ’, ‘त’वर ‘थ’, ‘च’वर ‘छ’. ‘डी’च्या कळीवर हलन्त, त्याने जोडाक्षर जुळते. ‘दऱ्या’, ‘सुऱ्या’ यांतला आपला खास मराठी ‘ऱ’ हवा असेल, तर ‘र’ची कळ शिफ्टसह दाबा, मग हलन्त, मग ‘य’. रोज अर्धा तास दिला तर महिन्या-दोन महिन्यांत हात बसतो. वर सांगितलेली भगिनी हे शिकली. आज ती तीन ठिकाणचे काम घरी बसून घेते आणि दर स्वतः सांगते.

केलेले काम राखणे, ही दुसरी सवय. दर परिच्छेदाला कंट्रोल आणि एस दाबा; चूक झाली तर कंट्रोल आणि झेड. जुळवलेला फर्मा हातातून निसटून विस्कटला, की आम्ही रात्रभर खिळे वेचत बसत असू. तुम्हाला एक कळ पुरते, तिचा उपयोग करा. महत्त्वाच्या कागदाच्या तीन प्रती असाव्यात, आणि त्यांतली एक घराबाहेर. फाइलला नाव देताना आधी वर्ष, मग महिना, मग दिवस घाला. म्हणजे सगळ्या आपोआप ओळीने लागतात. वीस मिनिटांनी मान वर करून खिडकीबाहेर लांब पाहा. डोळे मालक बदलून देत नाही.

परवलीचा शब्द ही तुमची सही आहे. एका पतसंस्थेत एका लेखनिक बाईंचा परवलीचा शब्द सोयीसाठी सगळ्यांनाच ठाऊक होता. त्यावरून कोणीतरी खोटी नोंद केली आणि चौकशी बाईंची लागली. त्या दिवशी त्या रजेवर होत्या आणि रजेच्या अर्जाची पोच त्यांनी जपून ठेवली होती, म्हणून सुटल्या. तरी सात महिने अर्ध्या पगारावर गेले. वरिष्ठांनी शब्द मागितला, तर “लेखी आदेश द्या, साहेब,” असे नम्रपणे म्हणावे. बहुधा मागणी तेथेच थांबते. घरच्या व्यवहारातही हेच पथ्य. मोबाइलवर पैसे स्वीकारण्यासाठी पिन कधीच लागत नाही. लागतो असे सांगणारा लुबाडायला आला आहे, असे समजावे.

शेवटची गोष्ट भविष्यनिर्वाह निधीची. २०१४पासून प्रत्येक सभासदाला एक कायमचा क्रमांक मिळतो, त्याला यूएएन म्हणतात. नोकरी बदलली तरी तो बदलत नाही. पण त्याला जोडलेला मोबाइल क्रमांक कोणाचा आहे? कंत्राटी कामगारांच्या बाबतीत तो कित्येकदा कंत्राटदाराच्या कारकुनाचा निघतो. मग पगारातून कापलेली रक्कम जमा झाली की नाही, हे कामगाराला कळतच नाही, आणि काम सुटल्यावर स्वतःचेच पैसे काढायला कारकुनाच्या दारात उभे राहावे लागते. आपला स्वतःचा क्रमांक जोडून घ्या आणि दर महिन्याला पासबुक उघडून त्या महिन्याचा हप्ता आला का ते पाहा.

सभा संपल्यावर मी बाहेर चपलांच्या फळीजवळ तासभर थांबणार आहे. ज्यांना आपले पासबुक उघडता येत नसेल, त्यांनी मोबाइल आणि आधारपत्र घेऊन तेथे यावे.