बारा-शून्य आणि मधले रिकामे महिने

आज विजेंदर सिंग. बीजिंगचं ब्राँझ, भिवानी, हरियाणा रोडवेजच्या ड्रायव्हरचा पोरगा, हे तुम्हाला पाठ आहे. ते सोडून देऊ. आपण बोलूया २०१५ नंतरचं.

त्या वर्षी ब्रिटनच्या क्वीन्सबेरी प्रमोशन्सशी करार करून तो प्रो झाला, तेव्हा वय होतं २९. उशीरच म्हणायचा. त्यात खेळही बदलला. बीजिंगमध्ये डोक्याला हेडगार्ड, दोन-दोन मिनिटांचे चार राउंड. इथे हेडगार्ड नाही, आणि २०१६ मध्ये दिल्लीत केरी होपला हरवून डब्ल्यूबीओ एशिया पॅसिफिकचा पट्टा घेतला, ती लढत तब्बल दहा राउंडची! म्हणजे दमसास मुळापासून नव्याने कमवायचा. तो त्याने कमवला, हे मान्य करायलाच हवं.

मग २०१७, आपली वरळी. चीनच्या झुल्पिकारला हरवलं आणि डोकलामचा तणाव होता म्हणून त्याचा पट्टा परत द्यायला निघाला. टाळ्या तर पडल्याच. पण माझा मुद्दा टाळ्यांनंतरचा आहे.

हौशी बॉक्सरला फेडरेशन असतं, कॅम्प असतो, वर्षाच्या स्पर्धा ठरलेल्या असतात. प्रोमध्ये तसं काही नाही. प्रमोटरने प्रतिस्पर्धी शोधायचा, हॉल घ्यायचा, टीव्ही आणि स्पॉन्सर जमवायचे, तेव्हा कुठे एक लढत उभी राहते. भारतात हे जमवणारे किती? डिसेंबर २०१७ च्या जयपूरनंतर विजेंदर थेट जुलै २०१९ मध्ये अमेरिकेत न्यूअर्कला उतरला. एकोणीस महिने! मधे बॉब अ‍ॅरमच्या टॉप रँकशी करार झाला, पण सरावात डोळ्यापाशी जखम झाली आणि ठरलेली लढत गेली. (त्याच काळात दक्षिण दिल्लीतून लोकसभाही लढवून हरला, तो वेगळा एपिसोड.) नोव्हेंबर २०१९ ला दुबई, आणि मग कोविड.

रेकॉर्ड मात्र बारा-शून्य. चकचकीत आकडा! पण बॉक्सर रिंगबाहेर बसला की रेकॉर्ड तसंच राहतं, पाय मात्र जड होतात.

मार्च २०२१, पणजी. मांडवीतल्या कॅसिनो जहाजाच्या छतावर रिंग. समोर रशियाचा उंचापुरा आर्तिश लोप्सान. विजेंदर ३५ वर्षांचा, सोळा महिन्यांनी रिंगमध्ये. पाचव्या राउंडमध्ये रेफरीने लढत थांबवली. प्रोमधली पहिली हार.

पुढची लढत रायपूरला, ऑगस्ट २०२२ मध्ये. दुसऱ्याच राउंडमध्ये जिंकला. पण तिथवर यायला पुन्हा सतरा महिने गेले होते.