बोगद्यातली हवा
(स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांनी मला 'अमेरिकेतले अनुभव सांग' म्हणून उभं केलंय. मी जर्सी सिटीत राहते आणि नदीपलीकडे मॅनहॅटनमधल्या ऑफिसात सॉफ्टवेअर लिहिते. मधे हडसन नदी. गाडीने जायचं तर नदीखालच्या हॉलंड टनेलमधून जावं लागतं. आज मी या बोगद्याबद्दल आणि तो पुरा करणाऱ्या एका नॉर्वेजियन इंजिनिअरबद्दल बोलणार आहे. शेवटी आपल्या शाळेतली एक गोष्ट सांगायची आहे. ती सांगायला मी तीस वर्षं लावली.

त्या इंजिनिअरचं नाव ओले सिंगस्टॅड. जन्म १८८२ चा, नॉर्वेतल्या लेन्सविकचा. ट्रॉन्डहाइमला शिक्षण घेऊन १९०५ मध्ये ते अमेरिकेत आले. पुढे हडसनखालून मोटारींसाठी बोगदा काढायचं ठरलं, तेव्हा मुख्य अभियंता होते क्लिफर्ड हॉलंड आणि बोगद्याच्या आराखड्याची जबाबदारी होती सिंगस्टॅड यांच्याकडे.

नदीखालून आगगाडी आधीच धावत होती, पण ती विजेवरची. मोटारी कार्बन मोनॉक्साइड सोडतात. त्याला रंग नाही, वास नाही. अडीच किलोमीटरच्या बंद नळीत गाड्यांची रांग अडकली तर आतल्या माणसांचं काय होईल? एका तोंडाकडून जोरात हवा सोडायची म्हटलं, तर आत वादळच सुटलं असतं. शिवाय आग लागली तर तोच वारा ज्वाळा बोगदाभर नेणार.

म्हणून आधी मोजमाप झालं. येल विद्यापीठात स्वयंसेवकांना बंद खोलीत बसवून हा वायू किती सोसतो ते पाहिलं. पिट्सबर्गजवळ खाणीत एक चाचणी-बोगदा करून त्यात गाड्या गोल गोल फिरवल्या. मर्यादा ठरली ती हवेच्या दहा हजार भागांत चार भाग.

मग उत्तर निघालं, आणि ते फार साधं आहे. बोगदा गोल, रस्ता सपाट. त्यामुळे रस्त्याच्या खाली आणि छताच्या वर जागा उरतेच. ताजी हवा रस्त्याखालच्या जागेतून आणायची, कडेच्या फटींतून हळूहळू आत सोडायची आणि खराब हवा छतातून वर ओढून घ्यायची. हवा आडवी धावत नाही, खालून वर जाते. दोन्ही काठांवर मिळून चार इमारती आणि त्यांत ८४ पंखे. दर दीड मिनिटाला आतली सगळी हवा बदलते. आत बसलेल्याला वारा जाणवतही नाही.

२७ ऑक्टोबर १९२४ रोजी हॉलंड वारले. वय ४१. दोन्ही बाजूंचं खोदकाम मधे येऊन मिळायला दोनच दिवस होते. बोगद्याला त्यांचं नाव दिलं गेलं, आणि ते योग्यच झालं. त्यांच्या जागी आलेले मिल्टन फ्रीमन पुढच्या मार्चमध्ये न्यूमोनियाने गेले. तिसरे सिंगस्टॅड. १३ नोव्हेंबर १९२७ ला बोगदा खुला झाला, तो त्यांच्या हाताखाली.

पंख्यांची खरी परीक्षा १९४९ च्या मे महिन्यात झाली. रसायनाची पिंपं नेणारा ट्रक आत पेटला. साठाहून अधिक लोकांना इजा झाली, पण पंखे पूर्ण वेगाने चालवून धूर वर ओढला आणि गाड्यांतली माणसं जिवंत बाहेर आली.

रोज हजारो गाड्या तिथून जातात. बोगद्याचं नाव सगळ्यांना ठाऊक. हवा कोणी खेळवली ते विचारलं, तर माझ्या ऑफिसातल्या एकालाही सांगता आलं नाही. मलाही माहीत नव्हतं, मी वाचलं तेव्हा कळलं. आणि ज्या रात्री वाचलं, त्या रात्री मला आपलं नववीचं विज्ञान प्रदर्शन आठवलं.

'जलविद्युत केंद्र' आठवतंय? सायकलच्या चाकाला पत्र्याची पाती, त्यावर पाण्याची धार, चाकाला टेकवलेला डायनामो आणि लुकलुकणारा दिवा. परीक्षकांसमोर मी घडाघडा बोलले. बक्षीस मिळालं, प्रमाणपत्रावर माझं नाव आलं. पाती कापली होती ती माझ्या जोडीदारणीने, तिच्या वडिलांच्या सायकलच्या दुकानात बसून. प्रदर्शनाच्या दिवशी ती चार तास पडद्यामागे उभी होती, तांब्याने वरच्या डब्यात पाणी ओतत. तिचं नाव लिहायचं राहिलं. बाईंनी मला विचारलंही होतं, "आणखी कोणी होतं का गं?" मी नाही म्हटलं.

विसरले नव्हते. मुद्दाम म्हटलं.

ती तिसऱ्या रांगेत बसली आहे. नाव मी घेत नाही, कारण तिला विचारलेलं नाही. आईच्या कपाटातून ते प्रमाणपत्र काढून आणलंय. माझ्या नावापुढे 'आणि' एवढंच लिहिलंय. पुढची जागा रिकामी ठेवली आहे. बाई, तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर 'होती' असं आहे.

ये गं वर. पेन माझ्याकडे आहे. आणि परीक्षक आले तेव्हा चाक अडकलं होतं, ते तू पडद्यामागून कसं सोडवलंस, ते आज तूच सांग. मला अजून माहीत नाही.