लहान संच आणि लांबचें केंद्र

सोलापुरांत रात्रीं मध्यम लहरींवर एखादें लांबचें केंद्र लावावें आणि भाषणाऐवजीं खरखरच कानीं पडावी, असें झालें कीं घरांतील माणूस आवाजाची कळ पिळूं लागतो. त्यानें भाषण मोठें होतें खरें. पण खरखरही तितकीच वाढते. संचाला मात्र कोणी जागचें हलवीत नाहीं, आणि उपाय नेमका तेथेंच आहे.

बॅटरीवरच्या लहान संचांत मध्यम लहरींसाठीं बाहेरची तार लागत नाहीं. आंत फेराइट नांवाच्या काळ्या, ठिसूळ चुंबकीय पदार्थाची कांडी असून तिच्यावर तांब्याची बारीक तार गुंडाळलेली असते. ही कांडी बहुधा संचाच्या लांबीला समांतर बसविलेली असते. लहर तिच्यावर आडवी आली म्हणजे आवाज उत्तम मिळतो. कांडीचें टोंक केंद्राकडे झालें कीं तो जवळजवळ बुडतो. पुणें व मुंबई हीं सोलापुराच्या पश्चिमेस, किंचित् उत्तरेकडे. तेव्हां त्यांच्यासाठीं संचाची लांब बाजू साधारण दक्षिणोत्तर ठेवावी. गंमत अशी कीं पूर्वेकडील हैदराबादलाही हीच बैठक मानवते; संचाला पुढची व पाठची बाजू सारखीच!

खरखरीचें मूळ पुष्कळदां शेजारींच असतें. सोलापूर हें यंत्रमागांचें गांव. मागांच्या मोटारी, विजेचीं बटणें, घरांतील स्वस्त दिवे, मोबाइलचे चार्जर, हीं सारीं आपापल्या परीनें लहरी सोडतात. कांडीची ऐकण्याची दिशा चांगली रुंद असते, बहिरी दिशा मात्र फार अरुंद. म्हणून केंद्राकडील रोख थोडा चुकला तरी बिघडत नाहीं. पण कांडीचें टोंक बरोबर खरखरीकडे धरलें तर ती एकदम गळते. संच हळूहळू फिरवीत ही जागा कानानेंच शोधावी. पत्र्याच्या छपराखालीं राहणाऱ्यानें तर खिडकीशींच बसावें.

एफ्. एम्.ची तऱ्हा निराळी. तेथें उंची महत्त्वाची, आणि ओढून लांब करावयाची सळई. 100 मेगाहर्ट्झच्या आसपास ती पाऊण मीटर असली कीं पुरे. ज्या मोबाइलांत रेडिओ असतो त्यांत बहुधा कानांत घालावयाच्या यंत्राची दोरीच सळईचें काम करते; ती गुंडाळून खिशांत कोंबूं नये.

2020 च्या ऑक्टोबरांत अतिवृष्टि व भीमेचा पूर यांनीं सोलापूर जिल्ह्यांत हाहाकार उडविला. अशा आपत्तींत वीज गेली कीं माग, दिवे बंद पडतात आणि त्यांच्याबरोबर त्यांची खरखरही. आकाशांतील विजा थांबल्यावर एरवीं न लागणारें केंद्र तेव्हां स्पष्ट ऐकूं येऊं शकतें. मात्र संचांत ताजे सेल असले पाहिजेत.