पहारा बदलताना



तहसील कचेरीच्या आवारातील उपकोषागार आणि त्यावरील पोलीस पहारा हे दृश्य जुन्या पिढीतील अनेकांच्या परिचयाचे आहे. पहारा बदलण्याची रीत साधी, पण कडक होती. नवा पहारेकरी जागेवर येऊन कुलपे पाहून घेई आणि त्यानंतरच जुना आपली जागा सोडी. मधला एक क्षणही दार मोकळे राहता कामा नये, हे त्या रीतीमागील तत्त्व होते.

आज बुलढाणा जिल्ह्याच्या तेराही तालुक्यांत जनतेचा ठेवा केवळ तिजोरीत राहिलेला नाही. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा, २०२१ पासून राज्यभर सुरू झालेली ई-पीक पाहणी, २०२० मध्ये आलेले ई-ग्रामस्वराज, शाळांतील विद्यार्थ्यांच्या नोंदी, हे सारे दूरच्या डेटा सेंटरमधील सर्व्हरवर असते. अशा सर्व्हरांच्या दाराशी आणखी एक सर्व्हर पहाऱ्यावर उभा असतो. आत येणारी व बाहेर जाणारी प्रत्येक मागणी तो ठरलेल्या नियमांनुसार तपासतो, नको ती अडवितो आणि घडलेल्या व्यवहाराची नोंद ठेवतो. हा पहारेकरी एका जागेवरून दुसऱ्या जागी हलवावा लागला तर काय काळजी घ्यावी, हा आजच्या विवेचनाचा विषय आहे.

पूर्वी असा प्रत्येक सर्व्हर म्हणजे एक स्वतंत्र यंत्र असे. आता एका सामर्थ्यवान यंत्रावर अनेक सर्व्हर नांदतात, जणू एका वाड्यात अनेक बिऱ्हाडे. कोणाला किती खोल्या आणि किती पाणी द्यावयाचे, हे पाहणाऱ्या कारभारी प्रणालीस हायपरवायझर म्हणतात आणि तेथे राहणाऱ्या प्रत्येक बिऱ्हाडास आभासी यंत्र म्हणतात. ही कल्पना नवी नव्हे. आयबीएमने १९६० च्या दशकातच ती मोठ्या संगणकांवर राबविली होती. १९९८ मध्ये स्थापन झालेल्या व्हीएमवेअर कंपनीने ती सामान्य सर्व्हरांवर रूढ केली. २००७ मध्ये केव्हीएम ही मुक्त प्रणाली लिनक्सच्या गाभ्यात समाविष्ट झाली आणि २००८ मध्ये मायक्रोसॉफ्टची हायपर-व्ही बाजारात आली.

मग वाडा बदलण्याचे कारण काय? २२ नोव्हेंबर २०२३ रोजी ब्रॉडकॉम कंपनीने व्हीएमवेअर विकत घेतली आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात कायमस्वरूपी परवान्यांची विक्री बंद करून मुदतीच्या वर्गणीची पद्धत आणली. परिणामी जगभर अनेक संस्थांनी खर्चाचा फेरविचार केला आणि काहींनी दुसऱ्या प्रणालीचा मार्ग धरला. मात्र इतर सर्व्हर हलविणे वेगळे आणि पहारेकरी हलविणे वेगळे. इतर सर्व्हर तासभर बंद राहिला तर एक सेवा थांबते. पहारेकरी चुकला तर सर्वच सेवा थांबतात, किंवा त्याहून वाईट म्हणजे सेवा चालू राहतात आणि दार मात्र उघडे असते.

वरवर पाहता काम सोपे वाटते. आभासी यंत्र म्हणजे अखेर एक मोठी फाईल. व्हीएमवेअरची ती व्हीएमडीके या स्वरूपाची, हायपर-व्हीची व्हीएचडीएक्स, तर केव्हीएमची बहुधा क्यूकाऊ-२. एका स्वरूपातून दुसऱ्यात रूपांतर करणारी साधने उपलब्ध आहेत. परंतु फाईल नेली म्हणजे पहारा नेला असे होत नाही.

पहिली अडचण दारांची. पहारेकरी सर्व्हरला बाहेरचे, आतले आणि व्यवस्थापनाचे अशी निरनिराळी नेटवर्क कार्डे असतात आणि नियम त्या कार्डांशी जोडलेले असतात. नव्या प्रणालीत कार्डांचा प्रकार बदलतो, त्यांचे पत्ते बदलतात, प्रसंगी क्रमही बदलतो. मग बाहेरचे दार आतले समजले जाऊ शकते. दुसरी अडचण परवान्याची. अनेक सुरक्षा प्रणालींचा परवाना यंत्राच्या ओळख क्रमांकाशी बांधलेला असतो. ओळख बदलताच परवाना अमान्य ठरू शकतो. तिसरी अडचण आधाराची. ज्या हायपरवायझरला उत्पादकाची मान्यता नाही, त्यावर बिघाड झाल्यास मदत मिळेलच असे नाही.

यास्तव शक्य तेथे जुनी फाईल रूपांतरित करण्याऐवजी नव्या जागी तीच प्रणाली कोरी स्थापन करावी, आवृत्ती जुळवून घ्यावी आणि जुन्या सर्व्हरवरील नियमांची प्रत तीत भरावी, हा मार्ग अधिक भरवशाचा ठरतो. नवा सर्व्हर प्रथम वेगळ्या, बंदिस्त नेटवर्कमध्ये तपासावा. एकच पत्ता धारण करणारे दोन सर्व्हर एकाच वेळी जागे ठेवू नयेत, कारण निरोप कोणाकडे जावा याचा तेथे गोंधळ उडतो. परवानगी असलेली वाट उघडते काय, एवढेच तपासून थांबू नये; बंद असावयाची वाट खरोखर बंद आहे काय, तेही पाहावे. घाईत नेमकी हीच दुसरी तपासणी राहून जाते.

जुना सर्व्हर तत्काळ पुसून टाकू नये. परतीचा मार्ग कोणता आणि किती वाजेपर्यंत नवा सर्व्हर सुरळीत न झाल्यास मागे फिरावयाचे, हे आधीच लेखी ठरवावे. स्नॅपशॉट म्हणजे बॅकअप नव्हे, हेही ध्यानात असावे. तो बहुधा मूळ फाईलवरच अवलंबून असतो. वाडा कोसळला तर वाड्यातील नकलेचा उपयोग काय?

नोंदवहीचा प्रश्न तर कायद्याचा आहे. सर्ट-इन या केंद्रीय यंत्रणेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार शासकीय संस्थांसह सर्वांनी प्रणालींच्या नोंदी १८० दिवस देशातच जतन करावयाच्या आहेत, सायबर घटनेची खबर ६ तासांत द्यावयाची आहे आणि घड्याळे ठरवून दिलेल्या प्रमाण वेळेशी जुळवावयाची आहेत. स्थलांतरात जुन्या नोंदी मागे राहिल्या, अथवा नव्या सर्व्हरचे घड्याळ चुकले, तर उद्या चौकशीत पुरावाच हाती लागणार नाही.

निष्काळजीपणाची किंमत देशाने पाहिली आहे. २३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या एम्स रुग्णालयावर सायबर हल्ला झाला. पाच सर्व्हर बाधित झाले आणि रुग्णसेवेचे कामकाज कित्येक दिवस कागदावर चालवावे लागले. नेटवर्कची योग्य विभागणी नव्हती, हे कारण पुढे शासनाने संसदेत सांगितले. तारले ते एका अबाधित बॅकअप सर्व्हरने. तो प्रसंग स्थलांतराचा नव्हता. परंतु आतली दारे नीट नसली आणि वेगळी प्रत जपलेली असली म्हणजे काय घडते, या दोन्ही गोष्टी त्यातून शिकता येतात.

हे काम तंत्रज्ञांचे, त्यात सरपंचाचा वा मुख्याध्यापकाचा संबंध काय, असा प्रश्न कोणी विचारील. संबंध आहे. पीक विम्याच्या अखेरच्या आठवड्यात, मार्चअखेरीस किंवा प्रवेशाच्या दिवसांत असे स्थलांतर नसावे, हे तंत्रज्ञास गावाखेरीज कोण सांगणार? सेवा किती वेळ बंद राहील याची सूचना आगाऊ मागणे, त्या काळासाठी कागदी नोंदीची सोय ठेवणे आणि सेवा सुरू झाल्यावर काही विपरीत दिसल्यास विनाविलंब कळविणे, ही कामे गावपातळीवरचीच आहेत. अधिकाऱ्यांनीही केवळ 'काम पूर्ण' या शेऱ्यावर समाधान मानू नये. प्रभार घेताना जशी दप्तराची यादी तपासून स्वाक्षरी करतात, तशी नियम, परवाना, नोंदी, घड्याळ आणि बॅकअप यांची यादी समोर ठेवूनच नव्या सर्व्हरचा स्वीकार करावा.

संग्रामपूर किंवा लोणार तालुक्यातील शेतकरी कर्जासाठी सातबारा काढतो, तेव्हा हायपरवायझर कोणता हे त्याला ठाऊक नसते आणि ते असण्याची गरजही नाही. आपली जमीन आपल्याच नावावर आहे आणि तिची नोंद कोणी बदललेली नाही, एवढा त्याचा विश्वास असतो. वाडे बदलतील, कारभारी बदलतील. तो विश्वास अखंड राहावा यासाठी नवा पहारेकरी उभा राहिल्याशिवाय जुना हलता कामा नये.